विश्लेषण : पुण्याच्या उष्णतेचा विक्रम १८९७चा, मग तापमानवाढ माणसामुळे कशी?

हवामान तर पूर्वीपासून बदलतंय, असं म्हणणाऱ्यांकडे काही खरे आकडेही असतात. ते आकडे तपासले तर काय दिसतं? आणि माणच्या रस्त्यांवर साचणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध किती?

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला किंवा पहिल्याच मोठ्या पावसात हिंजवडी-माणचे रस्ते पाण्याखाली गेले, की मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. पहिला, ‘बघा, हाच तो क्लायमेट चेंज!’ आणि त्यावर उत्तर म्हणून दुसरा, ‘हवामान कायमच बदलत आलंय. यात माणसाचा काय संबंध?’

दुसरा मेसेज पाठवणाऱ्यांना अडाणी ठरवून विषय संपवणं सोपं आहे. पण माणच्या फेज थ्रीमध्ये दिवसभर डेटा हाताळणारे इंजिनीअरही हा प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणं चूक नाही. प्रश्न तपासता येतो का आणि आपण तो तपासतो का, हे महत्त्वाचं. तेव्हा नेहमी ऐकू येणाऱ्या शंका एकेक करून पाहू.

‘१८९७चा विक्रम अजून का मोडला नाही?’

ही शंका खास पुण्याची आहे आणि तिच्यामागचा आकडा खरा आहे. पुण्यातलं आजवरचं सर्वाधिक तापमान ४३.३ अंश सेल्सियस, ते नोंदलं गेलं ३० एप्रिल १८९७ला. त्याच वर्षी २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. म्हणजे ही नोंद प्लेगच्या वर्षातली. तेव्हा पुण्यात ना एसी होते, ना वाहतूककोंडी, ना आयटी पार्क. एप्रिल २०१९च्या अखेरीस पारा ४३ अंशांपर्यंत गेला, पण जुना विक्रम वाचला.

मग तापमान वाढलं कुठे? याचं उत्तर क्रिकेटमध्ये आहे. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यातच महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. यावरून आजचे फलंदाज १९४८पेक्षा हळू खेळतात, असं कुणी म्हणेल का? विक्रम हा एका दिवसाचा असतो. कल बघायचा तर सरासरी बघावी लागते, तीही बऱ्याच वर्षांची आणि बऱ्याच ठिकाणांची.

ही सरासरी काढण्याचं काम पुण्यातच होतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२०मध्ये भारताच्या हवामानबदलाचा पहिला सविस्तर सरकारी अहवाल आला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. याच अहवालातला आणखी एक आकडा म्हणजे १९५१ ते २०१५ दरम्यान उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी सुमारे १ अंशाने तापला. जगातल्या समुद्रांची याच काळातली सरासरी वाढ ०.७ अंश होती.

०.७ म्हणजे अगदीच किरकोळ, असं वाटू शकतं. पण हा एका दुपारचा आकडा नाही. काश्मीर ते कन्याकुमारी, दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा धरून काढलेली ही सरासरी आहे.

‘दुर्गादेवीच्या दुष्काळात कुठे मोटारी होत्या?’

नव्हत्याच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात सुरू झालेला हा दुष्काळ बारा वर्षं चालला, अशी परंपरेने सांगितलेली आठवण आहे. १९७२चा दुष्काळ तर आपल्या आजी-आजोबांनी सोसला आहे. निसर्गाचे चढउतार पूर्वी होते, आजही आहेत आणि ते कुठलाही शास्त्रज्ञ नाकारत नाही. मान्सूनवर परिणाम करणाऱ्या एल निनोमागचा वाऱ्यांचा आणि दाबाचा खेळ समजून घेण्याचा पाया भारतीय हवामान विभागाचे प्रमुख असताना गिल्बर्ट वॉकर यांनीच घातला होता.

पण पूर्वी माणसाशिवाय हवामान बदललं म्हणून आता माणसामुळे बदलत नाही, हा निष्कर्ष निघत नाही. पूर्वी वणवे विजेने लागायचे, म्हणून आज काडी ओढणारा निर्दोष ठरत नाही.

फरक वेगाचा आहे. शेवटचं हिमयुग संपताना पृथ्वी साधारण ५ अंशांनी तापली, पण त्याला सुमारे दहा हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत १ अंशाहून जास्त वाढ झाली आहे. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी जास्त उष्ण होतं.

‘सूर्यच जास्त तापला असेल’

ही चांगली शंका आहे, कारण ती थेट तपासता येते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. ती साधारण ११ वर्षांच्या चक्रात किंचित वरखाली होते, पण एकूण वाढलेली नाही. पृथ्वीचं तापमान मात्र याच काळात चढत गेलं.

दुसरा पुरावा जास्त बोलका आहे. सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्यावरचा स्थितांबराचा थर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमकं हेच व्हायला हवं. अंगावर गोधडी घेतली की आत उबदार वाटतं आणि बाहेर कमी उष्णता जाते. साधारण तसाच हा प्रकार.

‘हवेत ०.०४ टक्के असलेला वायू काय करणार?’

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो. हे दोन्ही वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता जवळपास अडवतच नाहीत. ते काम वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोड्या प्रमाणातले वायू करतात. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं.

हे ज्ञान नवीन नाही. जॉन टिंडल यांनी १८५९मध्ये या वायूंचा हा गुण प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचा पहिला हिशेब स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६मध्ये मांडला. पुण्याचा तो गाजलेला विक्रम होण्याच्या एक वर्ष आधी.

‘तो कार्बन ज्वालामुखीतून आला नसेल कशावरून?’

कार्बनवर त्याच्या उगमाची खूण असते. दगडी कोळसा आणि पेट्रोल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सजीवांपासून बनले. वनस्पती हवेतला कार्बन घेताना जड कार्बन-१३ थोडा कमी घेतात, त्यामुळे कोळशात आणि तेलातही तो कमी असतो. हे इंधन जाळलं की हवेतलं कार्बन-१३चं प्रमाण घटायला हवं. ते घटतंय. जाळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी व्हायला हवा. तोही होतोय. ज्वालामुखीच्या कार्बनमुळे या दोन गोष्टी अशा घडल्या नसत्या. शिवाय जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून आठ लाख वर्षांचा हिशेब मिळतो. उद्योगयुगापूर्वीच्या या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३०० भागांच्या वर फारसा गेला नव्हता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो सुमारे २८० होता. आता ४२०च्या पुढे आहे.

दुसरी पृथ्वी नाही, मग खात्री कशी करायची?

कोडमध्ये बग सापडला की आपण काय करतो? एकेक बदल काढून बघतो आणि कुठला काढल्यावर एरर जातो ते शोधतो. हवामानशास्त्रात हेच संगणकीय प्रारूपांवर केलं जातं. फक्त सूर्य आणि ज्वालामुखी ठेवून गेल्या दीडशे वर्षांचं तापमान काढलं, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वाढ दिसतच नाही. माणसाने सोडलेले वायू आणि धूलिकण त्यात घातले की प्रत्यक्ष नोंदींसारखी रेषा उमटते.

अशा प्रारूपांत एक पुण्याचं आहे. आयआयटीएममध्ये विकसित झालेलं भारताचं पहिलं ‘अर्थ सिस्टीम मॉडेल’ संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठीच्या जागतिक प्रयोगात सहभागी होतं. २०२१च्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा आहे : २०१० ते २०१९ या दशकापर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश. सूर्य आणि ज्वालामुखींचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे शून्याच्या आसपास.

भारतात वाढ जगापेक्षा थोडी कमी का, याचंही उत्तर आहे. हवेतले प्रदूषणाचे कण सूर्यप्रकाश काही प्रमाणात परतवतात आणि त्यामुळे तापमानवाढ थोडी झाकली जाते. जमिनीच्या वापरातल्या बदलांचाही त्यात वाटा आहे. म्हणजे आपली हवा खराब असल्याने आपल्याला थोडी सूट मिळाली आहे. फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली आहे, ही वेगळी गोष्ट.

‘शहरं तापली, म्हणून आकडे फुगले’

शिवाजीनगरची वेधशाळा एकेकाळी मोकळ्या भागात होती, आज ती भर शहरात आहे. सिमेंट आणि डांबर उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे शहर आसपासच्या गावांपेक्षा गरम असतं, विशेषतः रात्री. मग तापमानवाढ म्हणजे शहरीकरणाचाच परिणाम तर नाही?

हीच शंका अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना होती. ते जाहीरपणे साशंक होते. त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभा करून जगभरातल्या हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या. या कामाला तेल उद्योगाशी संबंधित कोच कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडूनही पैसा मिळाला होता. शहरांपासून दूर असलेली केंद्रं वेगळी काढूनही वाढ जवळपास तेवढीच निघाली. शहराबाहेरचे महासागरही तापतच होते. २०१२मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं आणि ही वाढ जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे झाल्याचं सांगितलं.

शास्त्रज्ञ चुकत नाहीत का?

चुकतात, आणि मोठी चूक भारताच्या बाबतीतच झाली होती. २०३५पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होण्याची शक्यता आयपीसीसीच्या २००७च्या अहवालात वर्तवली होती. नोव्हेंबर २००९मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा निबंध केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमनद्यांबद्दलच्या अशा टोकाच्या दाव्यांना पुरावा नाही, असा त्याचा सूर होता. त्यावर बरीच टीका झाली. पण जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीने २०३५चा दावा पुरेशा पुराव्याविना केल्याचं मान्य करत खेद व्यक्त केला.

म्हणजे इथे शंका घेणारे बरोबर ठरले. त्यांनी मोजमापाचा आग्रह धरला आणि त्यामुळे चूक दुरुस्त झाली. पण त्यातून हिमनद्या सुरक्षित आहेत, असं सिद्ध झालं नाही. काठमांडूच्या ‘इसीमॉड’ संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के वेगाने आटल्या.

दुसऱ्या प्रकारची शंका मात्र पेरलेली असते. ‘एक्सॉन’ या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७०-८०च्या दशकांत केलेले तापमानाचे अंदाज बहुतांशी अचूक होते, हे २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं. त्याच काळात आणि नंतरही कंपनी जाहीरपणे मात्र या विज्ञानात अनिश्चितता असल्याचं सांगत राहिली. फॉरवर्ड होऊन आपल्यापर्यंत येणाऱ्या बऱ्याच ‘शंका’ याच वळणाच्या आहेत.

मग माणमधलं पाणी क्लायमेट चेंजचं?

इथे चूक दुसऱ्या बाजूकडूनही होते. २०२५मध्ये मान्सून २६ मे रोजीच पुण्यात आणि मुंबईत पोहोचला. लगेच त्याला ‘क्लायमेट चेंज’चं लेबल लागलं. पण एका वर्षीचं लवकर आगमन हा नैसर्गिक चढउतारही असतो. एका उष्ण दिवसाने जसं काही सिद्ध होत नाही, तसंच एका पावसानेही होत नाही.

त्याच वर्षी ७ जूनच्या पावसात हिंजवडी आयटी पार्कच्या रस्त्यांना ओढ्याचं रूप आलं. ‘आयटी पार्क की वॉटर पार्क’ असे टोमणे देशभर फिरले. जुलैच्या अखेरीस उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले. चर्चा रंगली ती बुजलेल्या, वळवलेल्या आणि अतिक्रमण झालेल्या नाल्यांची.

यात हवामानबदल किती आणि नाले किती? स्थापत्य अभियंते पावसाचं वाहून जाणारं पाणी मोजायला एक साधं सूत्र वापरतात. तीन गोष्टींचा गुणाकार करायचा : जमिनीवरून किती हिस्सा पाणी वाहतं तो गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ. शेतजमिनीसाठी हा गुणांक साधारण ०.३च्या आसपास धरतात, काँक्रीट आणि डांबरासाठी ०.८ ते ०.९५.

समजा, माणमध्ये १० हेक्टर जमीन आहे आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतोय. एका तासात तिच्यावर ५० लाख लिटर पाणी पडेल.

• जमीन शेतीची असेल, तर त्यातलं सुमारे १५ लाख लिटर वाहून जाईल. म्हणजे दहा हजार लिटरचे १५० टँकर. भातखाचरं असतील तर याहूनही कमी, कारण पाणी अडवणं हेच बांधाचं काम.

• त्याच जागी पार्किंग, रस्ते आणि टॉवर आले, तर ४५ लाख लिटर वाहील. म्हणजे ४५० टँकर.

• आता हवा १ अंशाने तापली असं धरू. तापलेली हवा अंशामागे सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. पावसाची तीव्रता तेवढीच वाढली, तर टँकर ४८०च्या आसपास जातील.

हा फक्त समजण्यासाठी मांडलेला हिशेब आहे, पण चित्र स्पष्ट आहे. काँक्रीटने ३०० टँकर वाढवले आणि एका अंशाने सुमारे ३०. उन्हाळ्यात जिथल्या सोसायट्या टँकरची वाट बघतात, तिथेच हे पाणी पावसाळ्यात रस्त्यावर येतं. त्यामुळे पाणी साचल्यावर कुणी ‘हवामानबदलाला आम्ही काय करणार?’ म्हणालं, तर तो बहाणा आहे. या बाबतीत शंका घेणाऱ्यांचं बरोबर आहे.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. ते ३० जास्तीचे टँकर एका पावसाचे. असे पाऊस वारंवार पडू लागले तर? आयआयटीएमच्या पुढाकाराने झालेल्या त्या अहवालानुसार १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. याच काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा एकूण मान्सून पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला. एकूण पाऊस कमी आणि मुसळधार दिवस जास्त, असं हे गणित आहे. ७५ टक्के हा आकडा मध्य भारताचा आहे, तो माणला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

मानलं काय, न मानलं काय, फरक काय पडतो?

खरा प्रश्न हाच आहे. ‘हे निसर्गाचं चक्र आहे’ या वाक्यात एक आश्वासन दडलेलं असतं. चक्र असेल तर ते परत फिरेल, चार वाईट वर्षं गेली की चांगली येतील. मग जुन्या पावसाच्या नोंदी घेऊन नाला बांधला तरी चालेल.

पण कारण हवेत साठत जाणारा कार्बन असेल, तर चक्राची वाट बघून उपयोग नाही. जोवर तो साठतोय, तोवर सरासरी वर जात राहणार. माणमध्ये आज टाकली जाणारी पावसाळी गटाराची पाइपलाइन पुढची ३०-४० वर्षं वापरली जाईल. तिचा व्यास १९८०च्या पावसावर ठरवायचा की २०५०च्या, हा राजकीय मताचा विषय नाही. गावात राहणाऱ्याच्या तळमजल्यात पाणी शिरणार की नाही, एवढा तो सरळ आहे. फ्लॅटसाठी वीस वर्षांचं कर्ज घेणारा आणि उरलेल्या खाचरात भात लावणारा, दोघांनाही तो लागू होतो.

‘माणूस की निसर्ग?’ या वादाचं माणपुरतं उत्तर असं निघतं की दोन्ही वाढी माणसाच्याच आहेत. पाण्याचा मोठा लोंढा इथल्या काँक्रीटचा, त्यात पडणारी भर जगभरच्या धुराची. धुराचा निर्णय एकट्या माणला घेता येणार नाही. नाल्यांचा मात्र इथेच घ्यायचा आहे, आणि तो एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायत यांच्यात टोलवला जाऊन चालणार नाही.

माणपासून निघणारा मेट्रोचा तिसरा मार्ग सुमारे २३ किलोमीटरवर शिवाजीनगरला संपतो. तिथून जवळच हवामान खात्याचं ‘सिमला ऑफिस’ आहे. १९२८मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून हे नाव पडलं. ज्या शंकेवर माणच्या कँटीनमध्ये वाद होतात, ती तपासायला लागणाऱ्या नोंदी त्याच शहरात शतकाहून अधिक काळ रोज लिहिल्या जात आहेत. शंका जरूर घ्यावी. फक्त पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एकदा बघावं, त्यात एका दिवसाचा विक्रम सांगितलाय की शंभर वर्षांची सरासरी.